सभागृहाच्या वेळेचे राखणदार : सर इब्राहिम रहिमतुल्ला

मुंबईत भेंडीबाजारातून जे. जे. रुग्णालयाच्या चौकाकडे जाणाऱ्या रस्त्याला इब्राहिम रहिमतुल्ला मार्ग असे नाव आहे. आपल्या शहापूर-मुरबाडकडील माणसांना हा रस्ता परका नाही. कोणी ईदच्या खरेदीसाठी, कोणी दुकानाचा माल भरण्यासाठी, तर कोणी घरच्या आजारी माणसाला घेऊन आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठून तेथे जातो. त्या पाटीखालून आपण अनेकदा गेलो असू. परंतु ज्यांचे नाव त्या पाटीवर आहे ते गृहस्थ कोण, असे वर्गात विचारले तर मुलांना सांगता येत नाही. आणि खरे सांगायचे तर आपणा मोठ्यांपैकीही फार थोड्यांना सांगता येईल. म्हणून ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राची ओळख करून द्यावी, असे वाटले.

सर इब्राहिम रहिमतुल्ला हे व्यापारी होते, नगरसेवक होते, मुंबई सरकारच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते आणि देशाच्या आर्थिक धोरणाविषयी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षही होते. ह्या सर्व गोष्टींविषयी लिहिता येईल. पण त्यांच्या आयुष्यातील ज्या प्रसंगाकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे तो १९३१ सालचा आहे. त्या वर्षी देशाचा खजिना रिकामा होत चालला होता, रुपयाचा आधार एका रात्रीत बदलला होता, आणि दिल्ली-शिमल्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षस्थानी सत्तरीला टेकलेले हे गृहस्थ बसले होते. सरकारला घाई होती, सभासदांना बोलायचे होते आणि घड्याळ तर कोणासाठी थांबत नव्हते.

घडण

त्यांचा जन्म १८६२ साली मुंबईतील एका खोजा व्यापारी कुटुंबात झाला. तरुणपणीच ते व्यापारात पडले. त्यांच्या नावाशी साम्य असलेले दुसरे एक मोठे खोजा पुढारी म्हणजे १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष रहिमतुल्ला सयानी. ह्या दोघांची गल्लत पुष्कळदा होते. ती होऊ नये म्हणून हा उल्लेख केला.

१८९२ साली इब्राहिम रहिमतुल्ला मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर निवडून आले. ह्याच साली आपल्या शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी मुंबईकरांच्या नळांना येऊ लागले. म्हणजे आपल्या डोंगरातले पाणी मुंबईस पोचले आणि त्या शहराचा कारभार पाहणारा हा तरुण सभागृहात आला, त्या दोन्ही घटना एकाच वर्षातल्या. पुढे १८९९-१९०० मध्ये ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. त्या पदाला महापौर हे नाव १९३१ साली मिळाले, पण काम तेच. ते वर्ष मोठे कठीण होते. १८९६ पासून मुंबईत प्लेगने ठाण मांडले होते आणि मुलखात दुष्काळ पडला होता. शहर सुधारण्यासाठी १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवरही त्यांनी दीर्घकाळ विश्वस्त म्हणून काम केले. पैसा थोडा, गरजा पुष्कळ आणि सभेतील प्रत्येकाला आपला विषय आधी हवा, ही परिस्थिती कशी हाताळावी ह्याचे पहिले धडे त्यांना येथेच मिळाले असले पाहिजेत.

आपण शिक्षणसंस्थेची माणसे आहोत म्हणून त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात भारतीय शिक्षणाचा इतिहास शिकताना सक्तीच्या शिक्षणाची कथा आपण गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या १९१० च्या ठरावापासून आणि १९११ च्या विधेयकापासून सुरू करतो. परंतु त्यापूर्वीच मुंबई शहरात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करावे म्हणून इब्राहिम रहिमतुल्ला आणि चिमणलाल सेटलवाड ह्या दोघांनी मुंबई सरकारकडे नेट धरला होता. सरकारने १९०६ साली समिती नेमली. लोक अजून सक्तीला तयार नाहीत, असा निष्कर्ष समितीने काढला आणि विषय बाजूला पडला. पुढे विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, १९२० साली मुंबई शहरासाठी झाला, आणि शिक्षणाचा हक्क सर्व देशातील मुलांना कायद्याने मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. ज्या मागणीला १९०६ साली वेळ आलेली नाही म्हणून बाजूस सारले, ती पुढे देशाचा कायदा झाली. सभागृहात हरलेली गोष्ट कायमची हरलेली नसते, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे ह्याचा उपयोग होणार आहे.

१८९९ पासून ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते. १९११ साली त्यांना सर हा किताब मिळाला. १९१३ च्या डिसेंबरात आग्र्याला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्याच सुमारास ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात गेले. मार्च १९१६ मध्ये देशातील उद्योगधंद्यांची वाढ कशी होईल ह्याचा विचार व्हावा असा ठराव त्यांनी तेथे मांडला आणि त्याच वर्षी औद्योगिक आयोगाची नेमणूक झाली. १९१८ ते १९२३ ह्या काळात ते मुंबई सरकारच्या कार्यकारी मंडळात होते. दरम्यान १९२१-२२ च्या फिस्कल कमिशनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परदेशी मालावर जकात बसवून देशी धंद्यांना संरक्षण द्यावे काय, हा त्या आयोगापुढील प्रश्न होता. बहुमताने अटी घालून, निवडक धंद्यांनाच संरक्षण द्यावे असे म्हटले. स्वतः अध्यक्षांना ते पटले नाही. त्यांनी शेषगिरी अय्यर, घनश्यामदास बिर्ला, जमनादास द्वारकादास आणि नरोत्तम मोरारजी ह्यांच्यासह निराळी मतपत्रिका जोडली व संरक्षणाची बिनशर्त मागणी केली. आयोगाच्या अध्यक्षाने आपल्याच आयोगाच्या अहवालास भिन्न मत जोडावे, ही गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे.

अध्यक्षाच्या खुर्चीत

१९१९ च्या सुधारणा कायद्याखाली मुंबईचे जे कायदे कौन्सिल आले त्याचे पहिले अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. १९२३ साली ते निवर्तले आणि अध्यक्षपद इब्राहिम रहिमतुल्लांकडे आले. येथे त्यांची एक वेगळीच कसोटी होती. महायुद्धानंतर इलाख्याचा खजिना ओढाताणीत होता आणि बॅकबे येथे समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनेत अमाप पैसा जात होता. ही योजना ज्या सरकारच्या कारकिर्दीत सुरू झाली त्या सरकारात ते स्वतः बसलेले होते. आता कौन्सिलात वीर नरिमनांसारखे सभासद त्याच योजनेचे वाभाडे काढू लागले. कालच्या मंत्र्याने आज अध्यक्ष म्हणून आपल्याच कारभारावरील टीकेला वेळ देणे सोपे नसते. पण खुर्चीचा धर्मच तसा असतो.

मध्यवर्ती कायदेमंडळाचे, म्हणजे त्या वेळच्या असेंब्लीचे, अध्यक्ष म्हणून १७ जानेवारी १९३१ रोजी त्यांची निवड झाली. ह्या खुर्चीला मोठी परंपरा होती. १९२५ साली निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल ह्यांनी सरकारशी झगडून १९२९ साली असेंब्लीची स्वतंत्र कचेरी मिळवली होती आणि १९३० च्या सत्याग्रहाच्या वेळी राजीनामा दिला होता. काँग्रेसने त्या वर्षीच्या निवडणुकांवर बहिष्कार घातला होता. इब्राहिम रहिमतुल्ला अध्यक्ष झाले तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. अशा वेळी हे पद स्वीकारणे अनेकांना रुचले नसणार, आणि त्यांना दोष देता येत नाही. तुरुंगात जाणाऱ्यांचा मार्ग वेगळा होता. परंतु सभागृह चालू राहणारच होते. आणि ते चालायचे तर नियमाने चालावे की सरकारच्या सोयीने, हाही प्रश्न लहान नव्हता.

ह्या सभागृहाच्या कामाची वाटणी कशी होती ते थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढील हकिगतीचे मर्म कळणार नाही. अधिवेशन केव्हा बोलवायचे आणि केव्हा संपवायचे हे व्हाइसरॉयच्या हाती. सरकारी कामाचे दिवस कोणते आणि बिनसरकारी सभासदांचे कोणते, हेही तोच ठरवी. अंदाजपत्रकातील मागण्यांवर मतदानासाठी जास्तीत जास्त १५ दिवस मिळत, एका मागणीला दोन दिवसांहून अधिक नाही. शेवटच्या दिवशी पाच वाजले की अध्यक्षाने उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकापाठोपाठ एक मताला टाकायच्या, असा नियम होता. म्हणजे जी खाती यादीत मागे राहिली त्यांवर एक शब्दही न बोलता कोट्यवधी रुपये मंजूर होत. शिवाय लष्करी खर्च तर मतदानाच्या कक्षेबाहेरच ठेवलेला होता.

मग अध्यक्षाच्या हाती काय राहिले? राहिले ते असे : दिवसाच्या आरंभी प्रश्नोत्तरांचा तास असे, तो राखणे. एखाद्या तातडीच्या विषयावर सभासदाने तहकुबी सूचना आणली तर ती नियमात बसते की नाही ते ठरवणे. हरकत आली आणि २५ सभासद सूचनेच्या बाजूने उभे राहिले, तर चार वाजता चर्चा सुरू होई आणि सहा वाजता ती आपोआप संपे. कोणी चर्चा बंद करण्याची सूचना आणली तर ती स्वीकारायची की अजून काहींना बोलू द्यायचे, हे ठरवणे. कोणाला केव्हा उभे करायचे, विषय सोडून कोण भटकतो आहे, हे पाहणे. दिवस सरकारचे असले तरी त्या दिवसातले तास आणि मिनिटे अध्यक्षाची होती. ह्या तासा-मिनिटांतच लोकांच्या प्रतिनिधींची जी काय सत्ता होती ती सामावलेली होती.

सप्टेंबर १९३१

१९२९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या मंदीची लाट तोवर आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत आली होती. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले होते. आपल्या ह्या भातपिकाच्या मुलखात त्याचा अर्थ सांगायला नको. सारा तेवढाच, सावकाराचे व्याज तेवढेच, आणि विकायला नेलेल्या भाताची किंमत अर्धी. सरकारचेही तसेच झाले. व्यापार बसला म्हणून जकात घटली, प्राप्तिकर घटला, रेल्वेचे उत्पन्न घटले.

असेंब्लीचे अधिवेशन शिमल्यास चालू असतानाच २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले. पौंडाच्या बदल्यात ठरावीक सोने देण्याचे बंधन त्या देशाने झुगारून दिले. आपला रुपया १९२७ च्या कायद्याने दीड शिलिंगाला, आणि तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै ह्या दराने सोन्याला बांधलेला होता. अर्थखात्याचे सभासद सर जॉर्ज शुस्टर ह्यांनी त्याच दिवशी असेंब्लीला कळवले की, ठरलेल्या दराने सोने किंवा स्टर्लिंग विकण्याची सरकारवरील जबाबदारी वटहुकुमाने तहकूब केली आहे. २२ ते २४ सप्टेंबर असे तीन दिवस पेढ्या बंद राहिल्या. गंमत अशी की, इकडे हे घडत असताना तिकडे लंडनमध्ये भारतमंत्री सर सॅम्युएल होअर ह्यांनी रुपया पौंडाशी दीड शिलिंगाच्याच दराने जोडलेला राहील असे जाहीर करून टाकले. २४ तारखेस दुसरा वटहुकूम निघाला आणि शिमल्याचे धोरण लंडनच्या धोरणाला जुळवून घेण्यात आले. देशाच्या नाण्याचे भवितव्य ठरले, पण देशाच्या कायदेमंडळाला कोणी विचारले नाही. त्याला फक्त कळवले.

सभासद खवळले ह्यात नवल नाही. पौंडाच्या गाडीला रुपयाचा डबा जोडण्याविरुद्ध सभागृहाने बहुमताने ठराव केला. सरकारने तो मानला नाही. पण ज्या अधिवेशनाच्या कार्यक्रमात ह्या विषयाचे नावही नव्हते, त्याच अधिवेशनात हा विषय निघाला, त्यावर रीतसर चर्चा झाली, मते मोजली गेली आणि निकाल इतिवृत्तात नोंदला गेला.

लगेच २९ सप्टेंबरला शुस्टरसाहेबांनी वर्षातले दुसरे अंदाजपत्रक मांडले. दोन वर्षांत मिळून सुमारे ३९ कोटी रुपयांची तूट येणार होती. ती भरून काढण्यासाठी बहुतेक करांवर शेकडा २५ अधिभार सुचवला होता. सरकारी नोकरांच्या पगारात शेकडा १० कपात होती. प्राप्तिकर पूर्वी वर्षाला दोन हजारांच्या मिळकतीपासून लागे, तो एक हजारापासून लावायचा होता. मिठावरील कर मणाला सव्वा रुपयाचा १ रुपया ९ आणे होणार होता, आणि हे मिठाच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दीड वर्षात. दोन पैशांचे पोस्टकार्ड तीन पैशांचे आणि एक आण्याचे पाकीट सव्वा आण्याचे होणार होते. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या आणि महिन्याकाठी गावाकडे एक कार्ड टाकणाऱ्या माणसापर्यंत ही तूट अशा रीतीने पोचणार होती.

आता वेळेचा पेच पाहा. तात्पुरत्या करवसुलीच्या कायद्याप्रमाणे विधेयक मांडल्याबरोबर जकातीचे नवे दर लागू करता येत; ती सोय नसती तर व्यापाऱ्यांनी कर वाढण्यापूर्वीच गोदामे भरून ठेवली असती. पण ही वसुली फक्त साठ दिवस चालू शकत होती. सप्टेंबरच्या अखेरीपासून साठ दिवस मोजले म्हणजे नोव्हेंबरची अखेर येते. तेवढ्यात विधेयक मंजूर झाले नाही तर घेतलेले पैसे परत करण्याची पाळी. म्हणून अधिवेशन लांबवून, नोव्हेंबरमध्ये दिल्लीस असेंब्ली पुन्हा बसवण्यात आली. सरकारला हवा होता तो तारखेच्या आत मिळालेला होकार. सभासदांना हवा होता तो प्रत्येक कलमावर बोलण्याचा हक्क. अर्थविधेयकावरील भाषणाला तर वेळेची मर्यादा नसे आणि राज्यकारभारातील कोणतेही गाऱ्हाणे त्यावेळी मांडता येई. आधी गाऱ्हाणी ऐका, मग पैसे मागा, ही जुनी पार्लमेंटरी रीतच आहे.

ह्या विधेयकात आणखी एक मेख होती. त्याने नवे कर ३१ मार्च १९३३ पर्यंत चालू ठेवले होते. ह्याचा परिणाम असा झाला की, मार्च १९३२ मध्ये अर्थविधेयक आणण्याचे सरकारला कारणच उरले नाही. दरवर्षी मिळणारी गाऱ्हाणी मांडण्याची सर्वांत मोठी संधी एका वर्षापुरती नाहीशी झाली. म्हणजे आर्थिक संकटात करच तेवढे वाढले असे नव्हे, तर लोकप्रतिनिधींचे दिवसही घटले. म्हणूनच नोव्हेंबरमधील प्रत्येक तासाला दुप्पट मोल आले होते.

त्या नोव्हेंबरात सभागृहाने काम वेळेत पुरे केले, पण होकार दिला नाही. कलमे चर्चेला आली, दुरुस्त्या मांडल्या गेल्या, मतदाने झाली आणि अनेक नव्या करांना सभासदांनी कात्री लावली. व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन ह्यांनी विधेयक मूळ स्वरूपात मंजूर करावे अशी शिफारस करून ते परत पाठवले. असेंब्लीने ती शिफारस फेटाळली. शेवटी कायद्याच्या ६७-ब कलमाखाली व्हाइसरॉयने आपल्या अधिकारात त्यावर प्रमाणपत्राचा शिक्का मारला आणि कर कायम झाले. पोस्टकार्ड तीन पैशांचेच राहिले.

मौनाची किंमत

येथे एका गोष्टीचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. त्या सभागृहात जकात, उद्योग आणि व्यापार ह्यांची जाण इब्राहिम रहिमतुल्लांइतकी असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच असतील. देशाच्या आर्थिक धोरणावरील आयोगाचे ते अध्यक्ष होते. मुंबईच्या बाजारपेठेत त्यांचे आयुष्य गेले होते. रुपया पौंडाला बांधल्याने मुंबईच्या व्यापाऱ्याचे आणि कोकणातल्या शेतकऱ्याचे काय होणार, हे त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण अध्यक्षाला भाषण करता येत नाही. मते समसमान पडली तरच त्याला मत. पुढील वर्षी ओटावा कराराचा प्रश्न आला, साम्राज्यातील मालाला जकातीत सवलत देण्याचा. हा तर त्यांच्या आयोगाने तपासलेला विषय; तोही त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात चर्चिला गेला. ज्याला सर्वांत जास्त ठाऊक आहे त्याने गप्प बसून इतरांना बोलायला वेळ मोजून द्यायचा, ही शिस्त वरून दिसते तितकी सोपी नाही. आम्हा शिक्षकांना तर ती फारच अवघड जाते.

मग कोणी विचारील, शेवटी व्हाइसरॉयने जर आपलेच खरे केले, तर ह्या सर्व तासा-मिनिटांच्या राखणीचा उपयोग काय झाला? प्रश्न रास्त आहे. मला त्याचे उत्तर असे सुचते. चर्चा झालीच नसती, किंवा पाच वाजले म्हणून सर्व कलमे मुकाट्याने मंजूर झाली असती, तर सरकारला जगापुढे सांगता आले असते की हे कर हिंदी लोकांच्या प्रतिनिधींनी संमत केले. ते त्याला सांगता आले नाही. कर बसले ते लोकांच्या नकाराला डावलून बसले, हे कायमचे नोंदले गेले. आणि ही नोंद करणारे सभागृह काँग्रेसचे नव्हते, मवाळांचे होते. मवाळ माणसांनीही नियमाने, वेळेत आणि मते मोजून नाही म्हटले, ह्याला वजन होते. १९०६ साली सक्तीच्या शिक्षणाची मागणी फेटाळली गेली तरी ती नोंदीतून पुसली गेली नव्हती, तसेच हेही.

दुसरे असे की, सभागृह चालवण्याचे शिक्षण त्या काळात पुष्कळांना मिळाले. इब्राहिम रहिमतुल्लांच्या वेळी उपाध्यक्ष असलेले षण्मुखम चेट्टी त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले. आणि २६ नोव्हेंबर १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक मांडण्याचा मान अर्थमंत्री म्हणून त्यांनाच मिळाला. तात्पुरत्या करवसुलीचा १९३१ चा कायदा तर स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके चालू राहिला. त्याच्या जागी नवा कायदा २०२३ साली आला. साठ दिवसांची मुदत पुढे पंचाहत्तर दिवसांची झाली, पण तत्त्व तेच राहिले : सरकारने कर लगेच घ्यावा, मात्र ठरलेल्या मुदतीत लोकांच्या सभागृहाची संमती आणावी.

प्रकृती साथ देईना म्हणून ७ मार्च १९३३ रोजी, ऐन अंदाजपत्रकाच्या अधिवेशनात, त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. १ जून १९४२ रोजी, ऐंशी वर्षांचे आयुष्य पुरे करून ते अल्लाला प्यारे झाले. पाच वर्षांनी देशाची फाळणी झाली. त्यांचे पुत्र हबीब रहिमतुल्ला पाकिस्तानचे लंडनमधील पहिले उच्चायुक्त झाले. वडिलांचे कार्य मात्र सर्व ह्याच भूमीत झालेले होते : मुंबईच्या नगरपालिकेत, मुंबईच्या कौन्सिलात, दिल्लीच्या असेंब्लीत. तरीही फाळणीनंतरच्या गोंधळात त्यांचे नाव दोन्हीकडच्यांच्या विस्मरणात गेले. रस्त्याच्या पाटीवर तेवढे ते राहिले.

आपल्यासाठी बोध

आपल्या गावोगावी शिक्षणसंस्था आहेत, मशिदीच्या जमाती आहेत, सोसायट्या आहेत, ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या सभा आपण पाहतो. सत्कार होतात, भाषणे होतात, आणि जमाखर्चाचा विषय नेमका शेवटी येतो, जेव्हा दिवेलागण झालेली असते, मुरबाडकडची शेवटची गाडी गाठायची असते आणि अर्धे लोक चपला शोधत असतात. मग मंजूर, मंजूर असे म्हणून वही मिटली जाते. कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. पण विषयांचा क्रम आणि त्यांना दिलेला वेळ ज्याच्या हाती, तिजोरीची किल्ली पुष्कळ अंशी त्याच्याच हाती असते. शेवटच्या दिवशी पाच वाजता बिनबोभाट मंजूर होणाऱ्या मागण्या दिल्लीतच असत असे नाही.

पैशाची अडचण आली की तर हा मोह अधिकच वाढतो. वेळ नाही, आधी ठराव करू, चर्चा मागाहून, असे म्हटले जाते. वास्तविक अडचणीच्या काळातच चर्चेची गरज सर्वांत जास्त, कारण ओझे कोणी उचलायचे हे त्याच वेळी ठरते. पोस्टकार्डाचा एक पैसा वाढवणे सोपे. तो कोणाच्या खिशातून जाणार हे बोलून दाखवायला मात्र कोणीतरी उभे राहावे लागते, आणि त्याला उभे राहू देणारा अध्यक्षही लागतो.

आपल्या शाळेतील विद्यार्थी उद्या कोठे ना कोठे सभेत बसतील. काही जण अध्यक्ष होतील. वार्षिक सभेत जमाखर्च पहिल्या तासाला घ्यावा, ज्याचे म्हणणे पटत नाही त्यालाही इतरांइतकाच वेळ द्यावा, स्वतःला ठाऊक असले तरी खुर्चीत असताना मौन पाळावे, आणि नकार आला तर तो जसाच्या तसा लिहून ठेवावा, एवढे जरी त्यांनी सर इब्राहिम रहिमतुल्लांच्या चरित्रातून घेतले, तरी त्यांच्या आठवणीला तो खरा सलाम ठरेल. परमेश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो, आणि पुढच्या वेळी त्या पाटीखालून जाताना आपणा सर्वांना क्षणभर थांबून ते नाव वाचण्याची सुबुद्धी देवो. आमीन.